अकेडियन घराण्याची वंशावळ: डब्यातल्या कागदांपासून १७५५ च्या पलीकडे कसं जायचं?

शेवंता_७

नमस्कार मंडळी. कॅनडात न्यू ब्रन्सविकमध्ये मॉंक्टनजवळ राहते. सासर अकेडियन आहे, म्हणजे इथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या फ्रेंच वसाहतीतलं: सासरे लेब्लां, सासूबाई माहेरच्या कॉर्मिये. सासूबाईंनी घरातल्या जुन्या कागदांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे दिला आहे. त्यात मयताची छापील प्रार्थनाकार्डं आहेत (२३), चर्चमधले लग्नाचे दोन दाखले (१९११ आणि १९३८), वर्तमानपत्रातली मृत्यूच्या बातम्यांची कात्रणं आणि एक फोटो. फोटोच्या मागे पेन्सिलीनं फक्त 'फिलीप आ जो आ पिएर' असं लिहिलंय. शिवाय कुणीतरी टाइप केलेला कागद आहे. तो सासऱ्यांपासून थेट डॅनिएल लेब्लांपर्यंत, म्हणजे १६५० पर्यंत जातो. पण मधल्या पिढ्यांना ना तारीख, ना गाव. त्या कागदावर फिलीपच्या आजोबाचं नाव सिल्व्हां दिलंय, पिएर नाही.

प्रश्न असे:
१. टाइप केलेला कागद कितपत धरायचा?
२. १७५५ च्या हद्दपारीत (ब्रिटिशांनी अकेडियन लोकांना तिथून घालवलं तेव्हा) चर्चची दप्तरं जळाली असं सगळे म्हणतात. मग त्याआधीचं काही मिळतं का?
३. १९११ च्या, म्हणजे फिलीपच्या लग्नाच्या, दाखल्यावर 'तिसऱ्या ते चौथ्या पायरीची सूट' असं फ्रेंचमध्ये लिहिलंय. ही कसली सूट?
४. डीएनए चाचणी आधी करावी का?

फ्रेंच वाचता येतं, पण जुनं हस्ताक्षर लागत नाही.

---

टिपणवही

शेवंताताई, सुरुवात डब्यातूनच करा, संकेतस्थळांवरून नको. तिथली तयार झाडं उघडलीत की टाइप केलेल्या कागदातली चूकच तुम्हाला दहा ठिकाणी दिसेल आणि दहा ठिकाणी आहे म्हणून ती खरी वाटायला लागेल. ती सगळी झाडं बहुतेक वेळा एकाच कुणाकडून उतरवलेली असतात.

आधी प्रत्येक कागदाला पेन्सिलीनं मागच्या कोपऱ्यात क्रमांक घाला. शाई नको, चिकटपट्टी नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. उष्णतेनं जुना कागद कायमचा जातो. दोन्ही बाजू स्कॅन करा, कोरी दिसणारी सुद्धा. कागद ३०० आणि फोटो ६०० डीपीआयला पुरतात. डब्यात कागद ज्या क्रमानं होते तो क्रमही लिहून ठेवा. एकत्र गुंडाळलेली कार्डं बहुधा एकाच घरची असतात.

प्रार्थनाकार्डावरचं वय जपून वाचा. 'वयाच्या ७८ व्या वर्षी' असेल तर पूर्ण झालेली वर्षं ७७. या एका वर्षामुळे लोक चुकीच्या सालच्या रजिस्टरमध्ये शोधत बसतात. कात्रणात मात्र सगळ्यात कामाची ओळ शेवटची: मागे राहिलेल्या बहिणींची नावं. त्यांची सासरची आडनावं आणि गावं मिळाली की घराणं कुठून कुठे गेलं ते कळतं.

फोटोमागची ओळ म्हणजे तुमच्या हातातला सर्वात मोलाचा पुरावा. एका गावात वीस-वीस लेब्लां, त्यातले सहा फिलीप. मग ओळखायचं कसं? 'आ' म्हणजे आपला 'चा'. जोचा फिलीप, पिएरचा जो. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव लिहितात तसंच, फक्त आडनाव गृहीत धरून एक पिढी आणखी वर. हे बोलीतलं नाव गावानं ठेवलेलं असतं आणि ते सहसा चुकत नाही, कारण रोज हाक मारायला वापरलेलं असतं. एक सावधगिरी: साखळीत कधी आईचं किंवा आजीचंही नाव येतं, विशेषतः बाप लवकर गेला असेल तर.

आता टाइप केलेला कागद. गंमत बघा, त्याचं वरचं टोक जवळजवळ नक्की बरोबर असणार. अकेडियातले सगळे लेब्लां डॅनिएल लेब्लां आणि फ्रांस्वाझ गोदे या एकाच जोडप्याचे. त्यांना सात मुलं झाली. त्यातल्या पाच मुलग्यांनी आडनाव पुढे नेलं: जाक, रने, आंद्रे, आंत्वान, पिएर. म्हणजे डोळे झाकून कुठलाही लेब्लां डॅनिएलला जोडला तरी शेवट चुकत नाही. चुकतो तो मधला रस्ता. 'वर डॅनिएल आलाय म्हणजे कागद बरोबर' हा तर्क म्हणूनच निरुपयोगी.

फिलीपच्या आजोबाचं भांडण असं सोडवा. १९११ च्या दाखल्यात फिलीपच्या आई-वडिलांची नावं आहेत का बघा. कॅथलिक लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडचे आई-वडील असतात आणि आई माहेरच्या आडनावानं असते. समजा आई अमुक रिशार. आता जोसेफ (म्हणजे 'जो') लेब्लां आणि अमुक रिशार यांचं लग्न त्याच किंवा शेजारच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, शोधा. नवऱ्याचं एकट्याचं नाव घेऊन शोधू नका, जोडी घेऊन शोधा. त्या नोंदीत जोसेफचे आई-वडील सापडतील, म्हणजे पिएर की सिल्व्हां ते तिथेच कळेल.

---

धुक्यातली_वाट

वरच्या प्रतिसादाला पूरक: न्यू ब्रन्सविकची मुलकी जन्म-मृत्यू नोंद १८८८ पासूनची. त्याआधी चर्चचं रजिस्टर आणि शिरगणती. नोव्हा स्कोशियात जन्म-मृत्यू १८६४ ते १८७७ नोंदवले आणि मग १९०८ पर्यंत सोडून दिले, लग्नं मात्र १८६४ पासून सलग आहेत. घराणं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना असेल तर हे लक्षात ठेवा. नाहीतर 'नोंदच नाही' म्हणून डोकं धराल.

शिरगणत्या १८५१ पासून दर दहा वर्षांनी झाल्या; त्यातल्या १९३१ पर्यंतच्या कुणालाही बघता येतात. १९०१ च्या शिरगणतीत पूर्ण जन्मतारीख विचारलीय, म्हणून तिथून सुरू करून मागे या. फक्त दिवस-महिना बऱ्याचदा बरोबर आणि साल एक-दोन वर्षांनी चुकलेलं असतं. बाप्तिस्म्याची नोंद सापडली की तीच धरायची.

इंग्रज गणनाकारानं फ्रेंच नावं कानाला येतील तशी लिहिलीत. लेब्लांचा 'व्हाइट' होतो, पोआरियेचा 'पेरी', रोआचा 'किंग', बुर्कचा 'बर्क'. शोधयंत्रात आडनावाची जागा रिकामी ठेवा. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव आणि गाव घालून बघा. आणि सापडलेल्या घराच्या मागची-पुढची दोन पानं वाचाच. भावांची घरं ओळीनं लागून असतात.

---

पायरीमोजणी

प्रश्न ३ वर कुणी बोललं नाही, म्हणून सविस्तर.

ही सूट म्हणजे रक्तसंबंधात लग्न करायला चर्चनं दिलेली परवानगी. त्या काळच्या कॅथलिक नियमानं चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात लग्नाला बंदी होती. १९१७ च्या नव्या संहितेनं ती तिसरीवर आणली, १९१८ पासून. त्यामुळे चौथ्या पायरीची सूट त्यानंतरच्या दाखल्यात दिसणार नाही; तुमचा १९११ चा आहे म्हणून दिसते.

पायरी मोजतात सामाईक पूर्वजापासून खाली, पूर्वज स्वतः न धरता. सख्खी भावंडं पहिली पायरी. चुलत-मामे-आते-मावस भावंडं दुसरी. त्यांची मुलं एकमेकांना तिसरी, नातवंडं चौथी. आपल्या सापिंड्याच्या मोजणीत स्वतःला आणि पूर्वजालाही धरतात, म्हणून आपला आकडा एकानं जास्त येतो. या सवयीनं मराठी माणूस इथे हटकून चुकतो.

'तिसरी ते चौथी' म्हणजे दोघांपैकी एक त्या सामाईक जोडप्याचा पणतू आणि दुसरं खापर-पणतूच्या पायरीवर. कोण कुठे हे दाखल्यात सहसा लिहीत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंनी करून बघायचं.

कागद आडवा घ्या. डावीकडे फिलीपची पणजोबा-पणजीची चार जोडपी आणि त्यांच्या वरची आठ. उजवीकडे नवरीची तशीच चार आणि आठ. मग डावीकडची चार उजवीकडच्या आठांशी ताडा आणि डावीकडची आठ उजवीकडच्या चारांशी. एकूण ६४ जोड्या होतात, पण नावं लिहिलेली असली की अर्ध्या तासाचं काम. एक जोडपं दोन्हीकडे सापडलं की सूट उलगडली.

आता तुमच्या पिएर-सिल्व्हां वादाला हे कसं लागू होतं? जोसेफचे आई-बाप बदलले की फिलीपच्या वडिलांकडची आख्खी बाजू बदलते: चारांतली दोन जोडपी आणि आठांतली चार. दोन तक्ते करा, एक पिएर धरून, एक सिल्व्हां धरून. ज्या तक्त्यात ३-४ चं नातं जुळतं तो खरा ठरण्याची शक्यता मोठी. पण फक्त याच्यावर निर्णय देऊ नका. या घराण्यांत आपसातली लग्नं इतकी आहेत की योगायोगानं दोन्ही तक्ते जुळू शकतात. जोसेफच्या लग्नाची नोंद हा मुख्य पुरावा, सूट हा ताळा.

तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, सूट रक्ताची की सोयरिकीची ते न वाचणं. विधुरानं पहिल्या बायकोच्या बहिणीशी किंवा चुलतबहिणीशी लग्न केलं तरी सूट लागायची. तिथे नवरा-नवरीत रक्ताचं नातं शोधत बसाल तर वर्ष जाईल. फ्रेंच शब्द वेगळे आहेत: रक्तासाठी 'कोंसांगिनिते', सोयरिकीसाठी 'आफिनिते'. दुसरं, 'दुहेरी चौथी' असेल तर दोन वेगवेगळी जोडपी शोधायची असतात. एक सापडलं की थांबतात. तिसरं, सूट नाही म्हणजे नातं नाही असं मानणं. पाद्र्याला सांगितलंच नसेल किंवा घरच्यांनाही माहीत नसेल.

ही सगळी खटपट १९११ साठीच नाही. १७५५ च्या दरीवरचा पूल हाच आहे, कारण १७६० नंतरच्या नोंदींतल्या सुटी हरवलेल्या रजिस्टरांतल्या लोकांबद्दल बोलतात. मॉंक्टन विद्यापीठाच्या अकेडियन अभ्यासकेंद्रातल्या स्टीफन व्हाइट यांनी १६३६ ते १७१४ या काळातल्या घराण्यांचा दोन खंडांचा फ्रेंच कोश केला (१९९९). त्यात तुटलेले कितीतरी दुवे अशाच सुटींवरून जोडलेत आणि कशावरून जोडले तेही दिलंय. तुम्ही मॉंक्टनलाच आहात, केंद्रात जाऊन बघा. आपल्याकडचे कुलवृत्तांत पाहिले असतील तर मांडणी ओळखीची वाटेल. फरक इतकाच की इथे प्रत्येक लेकीची शाखाही तितक्याच निगुतीनं दिलीय.

---

दप्तरदार

प्रश्न २. 'सगळी दप्तरं जळाली' हे अर्धसत्य आहे. काय उरलंय ते गावागणिक सांगतो.

पोर्ट रॉयल (नंतरचं अॅनापोलिस रॉयल): सां-जां-बातिस्त पॅरिशचं रजिस्टर १७०२ ते १७५५. मूळ नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागारात आहे आणि पानांची चित्रं सूचीसह त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. शिकायला याहून चांगली जागा नाही.

ग्रां-प्रे: सां-शार्ल-ओ-मीन पॅरिशचं १७०७ ते १७४८, तेही मध्ये मध्ये तुटक. हे रजिस्टर हद्दपार झालेल्यांबरोबर प्रवास करत लुइझियानात पोचलं. आज ते बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या अभिलेखागारात आहे आणि त्यातल्या नोंदी इंग्रजी गोषवाऱ्यानं छापल्या आहेत.

बोबासां: १६७९ ते १६८६ चा एक तुकडा आणि मग १७१२ ते १७४८. तुमच्या सासूबाईंच्या कॉर्मिये घराण्याचं हे मूळ ठाणं, म्हणून नीट बघा.

पिझिगी, कोबेकीद, रिव्हिएर-ओ-कानार: गेली. लेब्लांची एक मोठी फांदी मीनच्या, म्हणजे ग्रां-प्रेच्या परिसराच्या, आसपासच्या याच भागात होती, त्यामुळे अडचण इथेच येणार.

ईल सां-जां, म्हणजे आजचं प्रिन्स एडवर्ड बेट: पोर्ट ला जोईचं रजिस्टर १७२१ ते १७५८. त्याच्या जोडीला स्यर द ला रॉकची १७५२ ची शिरगणती वाचा. घरातल्या प्रत्येकाचं वय, कुठून आला आणि किती काळ झाला, असं सगळं त्यानं लिहून घेतलंय.

रजिस्टर नाही तिथे फ्रेंच शिरगणत्या. १६७१ ची पहिली, पाद्री लोराँ मोलां यानं केलेली, सुमारे चारशे माणसं. त्यात बायको माहेरच्या नावानं, मुलं वयासकट, गुरं, मेंढ्या, लागवडीची जमीन. डॅनिएल लेब्लां ४५, फ्रांस्वाझ गोदे ४८, असं तिथेच सापडतं. नंतरच्या १६८६, १६९३, १६९८, १७०० याही उपयोगाच्या. १७०१, १७०३, १७०७ मध्ये मुलांची नावं नाहीत, फक्त संख्या. १७१४ ची ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावरची. तीत आई-बापांची नावं आणि मुलंही आहेत. १७१४ नंतर मुख्य भूमीसाठी अशी नावानिशी शिरगणती नाही. म्हणजे १७१४ ते १७५५ हा काळ रजिस्टरावरच उभा आहे.

वयं शपथेवर घेऊ नका. दोन शिरगणत्यांत पंधरा वर्षांचं अंतर आणि माणूस वाढला दहानंच, असं सर्रास. तरुण मुलांची वयं त्यातल्या त्यात भरवशाची, पन्नाशीपुढची गोल केलेली. आणि १६७१ मध्ये काहींनी उत्तरच दिलं नाही. पिएर मेलांसों या शिंप्यानं वय, गुरं, जमीन काही सांगायचं नाकारलं; पिएर लानू या पिंपकारानं 'मी बरा आहे, पण वय सांगायचं नाही' असा निरोप पाठवला. मोलांनं तेही लिहून ठेवलंय, हे त्याचे उपकार.

जुन्या हस्ताक्षराबद्दल: पोर्ट रॉयलच्या रजिस्टरात मजकुराचा साचा ठरलेला असतो, म्हणून आधी पाच बाप्तिस्मे छापील उताऱ्याशी ताडून वाचा, सहावा आपोआप लागतो. तारखेत महिन्याच्या जागी ७, ८, ९ किंवा १० आणि पुढे बारीक 'ब्र' अक्षरं दिसतील. तो जुलै-ऑगस्ट नव्हे! सप्त म्हणजे सप्टेंबर, अष्ट म्हणजे ऑक्टोबर, नव नोव्हेंबर, दश डिसेंबर. संस्कृत पाठ असणाऱ्याला हे विसरणं कठीण, तरी छापील वंशावळींतही ही चूक भरपूर आहे.

आणखी एक शब्द: 'ओंदोये'. मूल जगेल की नाही अशी भीती असली, किंवा पाद्री लांब असला, तर सुईण किंवा नातेवाईक पाणी घालून तात्पुरता बाप्तिस्मा करायचे. पाद्री आल्यावर विधी पुरा करून नोंद व्हायची, कधी कधी वर्षभरानं. म्हणून नोंदीची तारीख आणि जन्मतारीख वेगळी घ्या. मुलाचं जन्मसाल मोजताना या वर्षभरानं गणित बिघडतं.

अॅनापोलिसच्या इंग्रजी कागदांत १७५२ पर्यंत जुनं पंचांग आहे: ११ दिवस मागे आणि नवं वर्ष २५ मार्चला. त्याच दिवसाची फ्रेंच नोंद म्हणूनच वेगळ्या तारखेची दिसते.

---

शेवंता_७

भरभरून दिलंत, आभार. दाखल्यात शब्द 'कोंसांगिनिते' आहे, म्हणजे रक्ताचंच. फिलीपची आई रिशार नाही, गोदे निघाली. आता १७५५ ते १७७० मधल्या काळात माणूस कुठे शोधायचा? घराणं मेमरामकूकचं आहे एवढं कळलंय.

---

दप्तरदार

मेमरामकूकची बहुतेक घराणी दोन वाटांनी तिथे आली: जंगलात लपून राहिलेले आणि किल्ल्यांत कैदेत राहिलेले. १७६४ मध्ये निष्ठेची शपथ घेतल्यावर त्यांना राहायला परवानगी मिळाली. म्हणून आधी कैद्यांच्या याद्या बघा: १७६३ ची बोसेजूर किल्ल्याची, म्हणजे फोर्ट कंबरलंडची, आणि फोर्ट एडवर्ड व हॅलिफॅक्सच्या. त्यात कुटुंबप्रमुख आणि घरातल्या माणसांची संख्या मिळते.

या काळात पाद्री जवळजवळ नव्हताच. लग्नं साक्षीदारांसमोर झाली आणि पुढे पाद्री भेटल्यावर ती विधिवत मान्य करून घेतली. म्हणून पहिलं मूल १७६२ चं आणि आई-बापांच्या 'लग्नाची' नोंद १७६८ ची, असं दिसेल. ती चूक नाही. अॅबे (पाद्री) बायी द मेसें याचं १७६८ ते १७७३ चं फिरतं रजिस्टर यासाठी मुद्दाम बघा: एकाच दिवसात नवरा-बायकोचं लग्न मान्य आणि चार मुलांचे बाप्तिस्मे, असं असतं, आणि सुटी तिथेच लिहिलेल्या असतात.

हद्दपारी करणारा अधिकारी विन्स्लो याच्या ग्रां-प्रेच्या यादीत नाव सापडलं तर त्याचा अर्थ नीट घ्या. ५ सप्टेंबर १७५५ ला चर्चमध्ये ४१८ पुरुष कोंडले. दहा वर्षांवरच्या मुलग्यांनाही बोलावलं होतं. यादीत पुरुषांची नावं, मुलगे किती, मुली किती, बैल, गाई, घोडे, डुकरं, मेंढ्या. बायकांची नावं नाहीत. एका नावाचे तीन पिएर लेब्लां असले तर मुलग्या-मुलींची संख्या रजिस्टरमधल्या बाप्तिस्म्यांशी ताडून ओळखायचं. १७५५ पर्यंतचे मृत मुलगे-मुली आधी वजा करा, नाहीतर काहीच जुळणार नाही.

---

पायरीमोजणी

शाखा परत आली नसेल तर वाटा वेगळ्या. मॅसॅच्युसेट्सला गेलेल्यांचे अर्ज आणि गावांनी मागितलेला खर्च तिथल्या राज्य अभिलेखागाराच्या खंड २३ आणि २४ मध्ये आहे. मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया, साउथ कॅरोलायना इथल्या १७६३ च्या याद्या बघा. व्हर्जिनियानं घ्यायला नकार दिल्यानं इंग्लंडला पाठवलेले लोक १७६३ मध्ये फ्रान्सला गेले. त्यांच्यातली ७८ कुटुंबं बेल-ईल बेटावर वसली आणि १७६७ मध्ये त्यांनी आपापल्या वंशाचे जबाब पाद्र्यांसमोर नोंदवले. हे जबाब म्हणजे खजिना: प्रत्येक घर थेट पहिल्या येणाऱ्यापर्यंत गेलंय. पण आठवणीवरचं आहे हे विसरू नका. आजोबांपर्यंत सहसा पक्कं, त्याच्या वर डळमळीत.

एक आडवी युक्ती: तुमचा माणूस इथे राहिला तरी त्याचा भाऊ बेल-ईलला गेला असेल तर भावाचा जबाब तुमचाही पूर्वज सांगतो. म्हणून भावंडं सोडू नका, अगदी निपुत्रिक गेलेलीसुद्धा.

---

धुक्यातली_वाट

डीएनएचं कुणी बोललंच नाही, म्हणून मी. आधी करून टाका, मोठ्यांची आधी. सासूबाईंचा नमुना घेतलात तर त्यांच्या बाजूची तुमच्या नवऱ्यापेक्षा दुप्पट माहिती मिळते.

---

टिपणवही

नमुना ठेवायला हरकत नाही, पण आधी नको म्हणतो. अकेडियन माणूस चाचणी करतो आणि हजारो 'थर्ड-फोर्थ कझिन' नातेवाईक निघतात. त्यातले बरेच सातव्या-आठव्या पिढीतले असतात. एकाच पूर्वजाचे धागे पाच-सहा वाटांनी आल्यानं एकूण आकडा फुगतो. म्हणून एकूण सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनएचं माप) बघण्यापेक्षा सर्वात लांब सलग तुकडा किती ते बघा. एकूण ९० आणि सर्वात लांब १२ असेल तर ते बहुधा जुनं, गुंतलेलं नातं. एकूण तेवढंच पण सर्वात लांब ४० असेल तर जवळचं धरून तपासायला घ्या. कागदावरचं झाड नसताना हे कळायचं कसं? म्हणून झाड आधी.

पुरुषरेषेची चाचणी तुमच्या कामाची नाही. सगळे लेब्लां डॅनिएलचेच. ती जाक आणि रने यांच्या फांद्या वेगळ्या करून देईल याचा भरवसा नाही.

आईरेषेची मात्र एका जागी उपयोगी पडते. पहिल्या पिढीतल्या बायका मिकमाक (तिथले मूळ रहिवासी) होत्या असे दावे घरोघरी आहेत. राडेगोंद लांबेरच्या लेकी-नाती-पणत्यांच्या सरळ रेषेतल्या चाचण्यांत एक्स-२-बी हा युरोपीय गट निघाला, आणि लझन बहिणींच्या रेषेत यू-६, जो अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा नाही. मिकमाक नाती काही घराण्यांत खरीच आहेत, म्यूस घराण्यात तर कागदोपत्री. पण डब्यातल्या कुणाच्या आज्जीच्या रंगावरून ती ठरवू नका.

---

धुक्यातली_वाट

मान्य. तरी सासूबाईंचा नमुना आत्ता घेऊन ठेवा, वाचन सावकाश करा. दोन्ही गोष्टी एकत्र होतात.

---

शेवंता_७

जोसेफ लेब्लां आणि गोदे यांचं लग्न सापडलं, मेमरामकूकच्या रजिस्टरात, १८७९. वडील पिएर. आई माहेरची लांद्री. म्हणजे फोटो बरोबर, टाइप केलेला कागद चूक. सिल्व्हां बहुधा शेजारच्या घरातला. १८८१ च्या शिरगणतीत त्याचाही जोसेफ दिसतोय, वय तेवढंच.

---

पायरीमोजणी

छान. आता त्या शेजारच्या जोसेफचंही लग्न शोधून ठेवा. नाहीतर पुढच्या कुणाला तो परत तुमच्या फिलीपचा बाप वाटेल. आणि १९११ चा तक्ता पिएर-लांद्री धरून भरा. लांद्री बाजूची जोडपी आधी ताडा. ३-४ तिथेच सापडण्याची शक्यता जास्त वाटते, पण नाही सापडलं तर गोदे बाजू बघा.

---

टिपणवही

आणि टाइप केलेला कागद फेकू नका. त्यावर क्रमांक घाला, 'सिल्व्हां चूक, १८७९ च्या लग्ननोंदीवरून' एवढं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्याच पाकिटात ठेवा. कागदावर खोडाखोड नको.